हरलेल्या हंगामाचे काय करायचे?

क्रीडापानावर 'हंगाम' हा शब्द आपण इतक्या सवयीने वाचतो की तो आपल्याकडे मुळात शेतातला शब्द आहे, याचा विसर पडतो. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत खरीप-रब्बीच्या सोबतीने रुजला, पीकपाण्याशी बांधला गेला आणि पुढे केव्हातरी मैदानावर पोचला. 'हंगाम साधला', 'हंगाम हातचा गेला' ही बोलणी शेतकऱ्याची आहेत, आणि फुटबॉलच्या एखाद्या लहानशा संघाचा कप्तानही वर्षअखेरीस तीच बोलतो. फरक एवढाच की शेतकऱ्याच्या बुडालेल्या हंगामाची दखल आपल्या साहित्याने घेतली आहे. संघाच्या बुडालेल्या हंगामाची घेतलेली नाही. ती घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती न घेतल्याने आपल्या ग्रामीण जीवनाच्या चित्रणात एक मोठी पोकळी राहिली आहे, असे मला वाटते. त्याविषयी हे टिपण.

उदाहरणासाठी वडनेर घेऊ. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. भोवती काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके. अशा गावात अकरा जणांचा फुटबॉल संघ उभा करायचा आणि वर्षभर टिकवायचा, तर पहिली झुंज जमिनीशीच असते. काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की दहा पावलांत बुटांचे वजन दुप्पट होते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की धावणाऱ्याचा घोटा सहज मुरगळावा. खेळण्याजोगा काळ उरतो तो साधारण दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा. आणि नेमका हाच कापसाच्या वेचणीचा काळ. पऱ्हाटी फुटली की घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. म्हणजे खेळाचा हंगाम आणि पिकाचा हंगाम एकाच चार-पाच महिन्यांवर हक्क सांगतात, आणि दोन्ही हंगामांना लागणारी माणसे तीच असतात. रविवारच्या सामन्याला डावा बचावपटू का आला नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा शेतात किंवा कापूस खरेदीच्या रांगेत सापडते.

अशा संघाचा 'अवघड हंगाम' कशाकशाचा बनलेला असतो, ते शहरी वाचकासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मैदान शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे. त्यावर कधी लग्नाचा मांडव पडतो, कधी सभेचा, कधी बांधकामाची गिट्टी येऊन पडते. चुन्याची फक्की मारून रेघा आखायच्या आणि दुसऱ्या दिवशी गुरांच्या खुरांनी त्या पुसल्या जाताना पाहायच्या. वर्गणीतून एक चेंडू घ्यायचा, तो बाभळीच्या काट्यावर फुटायचा. स्पर्धेची प्रवेश फी, जाण्यायेण्याच्या गाडीचे भाडे, दुखापत झालेल्या पोराच्या एक्स-रेचा खर्च, हे सगळे ज्याच्या खिशात त्या दिवशी पैसे असतील त्याने भरायचे. ऐन भरात असलेला मधल्या फळीतला खेळाडू पोलीस भरतीची तयारी करू लागतो आणि सरावाऐवजी पहाटे महामार्गावर धावायला जातो. दुसरा बुटीबोरीच्या कारखान्यात लागतो. त्याची सुट्टी रविवारी नसते. मग एखाद्या सामन्याला नऊच जण उतरतात, आणि गोलरक्षक म्हणून असा कोणीतरी उभा राहतो ज्याने आयुष्यात चेंडू हातांनी अडवलेला नाही. तीन-चार सामने हरल्यावर प्रेक्षक पांगतात. त्यानंतरचे सामने खेळायला जे येतात, ते का येतात? माझ्या मते साहित्याचा विषय इथे सुरू होतो.

मराठी मनाला फुटबॉलची एक गोष्ट मात्र चांगली ठाऊक आहे, आणि ती वडनेरपासून शंभरएक किलोमीटरवरच्या नागपुरात घडलेली आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' उभे राहिले. हे काम पुढे 'स्लम सॉकर' या नावाने जगभर गेले. २०१६ साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. या कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपट हिंदी असला तरी त्याची दृष्टी, माणसे आणि माती वैदर्भीय आहेत, आणि भिंतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन जगांचे त्यातले दर्शन आपल्या काळातल्या महत्त्वाच्या कलात्मक विधानांपैकी आहे, याविषयी मला शंका नाही.

परंतु 'झुंड'ची गोष्ट बाहेर पडण्याची आहे. तिचा शेवट विमानतळाकडे, परदेशातल्या स्पर्धेकडे जातो. वस्तीतला मुलगा वस्तीच्या वरून उडत जातो. हे स्वाभाविक आहे, कारण जातीने आणि दारिद्र्याने कोंडलेल्या माणसाला बाहेरची वाट दिसणे हाच तिथला खरा विजय आहे. तरी ज्या स्पर्धेकडे ही वाट जाते तिचा एक नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे सुरू झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. नियम उदार हेतूने केलेला आहे. संधी जास्तीत जास्त लोकांना मिळावी म्हणून. पण त्याचा अर्थ असाही होतो की विमान परत येते आणि त्यानंतर पुन्हा मंगळवार उजाडतो, बुधवार उजाडतो. त्या मंगळवार-बुधवारचे काय? तिथे बादली असते, मैदान असते किंवा नसते, आणि सोबत खेळणारे दहा जण जमवावे लागतात. बाहेर पडण्याच्या गोष्टीला एक शिखर असते. मागे राहिलेल्यांच्या गोष्टीला शिखर नसते, फक्त पुढचा हंगाम असतो.

मागे राहणाऱ्यांची संस्था कशी असते हे पाहायचे तर विदर्भातून थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरात जावे लागते. महाराष्ट्रात फुटबॉल जिथे खरोखर लोकांचा झाला असे ते एक ठिकाण. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी संघांची नावे नुसती वाचली तरी ध्यानात येते की इथे फुटबॉल जिमखान्यातून आलेला नाही. तो पेठेतून, तालमीतून आलेला आहे. ज्या तांबड्या मातीत कुस्ती झाली तिच्याच आश्रयाने हा परदेशी खेळ वाढला. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, शाहू स्टेडियमवर गर्दी करणाऱ्या पेठा, तळाच्या संघांवर खालच्या गटात जाण्याची टांगती तलवार, समर्थकांच्या हाणामाऱ्या, आणि अलीकडच्या वर्षांत आफ्रिकी खेळाडू आणण्यावरून वाढलेला खर्च या सगळ्यासकट तो खेळ तिथे जिवंत आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा तिथला हंगाम ऐन रंगात होता. मैदान ओस पडले. तालमी मोडल्या नाहीत.

त्या का मोडल्या नाहीत, हे समजण्यासाठी मुंबईतला एक विरोधी दाखला पुरेसा आहे. महिंद्रा युनायटेड हा कंपनीचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० साली कंपनीने तो बंद केला. संघ हरत होता म्हणून नव्हे. व्यवस्थापनाने तसा निर्णय घेतला म्हणून. जो संघ कोणाच्या तरी मालकीचा असतो तो मालकाच्या एका निर्णयाने संपू शकतो, मग तो विजेता का असेना. तालीम कोणाच्याच मालकीची नसते. ती बंद करण्याचा ठराव करायचा कोणी, आणि तो ऐकायचा कोणी? हरून हरून ती दमते, कर्जात जाते, भांडते, फुटते. पण पुढच्या वर्षी पेठेतले कोणीतरी पोर तिचाच शर्ट घालून उतरते. व्यावसायिक फुटबॉलचा डोलारा किती तकलादू आहे हे २०२५च्या जुलैत, इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला तेव्हा सर्वांनी पाहिले. त्याच्या बातम्या झाल्या. एखाद्या गावच्या संघाचा हंगाम अकरा माणसे न जमल्याने स्थगित होतो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. बातमी होत नाही त्याची निदान कथा व्हावी, एवढी अपेक्षा साहित्याकडून गैर नाही.

मग मराठी साहित्यात हा विषय का नाही? 'आपल्याकडे खेळाची परंपराच नाही' हे उत्तर टिकत नाही. संतांनी खेळ मनःपूर्वक पाहिलेला आहे. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, हमामा, फुगडी अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. तिथे खेळ रूपक म्हणून येतो हे खरे, पण रूपक करण्यासाठी आधी खेळ माहीत असावा लागतो. डाव कसा येतो, गडी कसा बाद होतो, भिडू कसे वाटून घेतात, हे कवीच्या अंगवळणी पडलेले असावे लागते. आधुनिक मराठी साहित्यिकाने रूपक राखले आणि खेळ सोडला. 'जीवनाचा डाव' त्याच्या कवितेत आला. पण चिखलात घसरून पडलेला खरा बचावपटू आला नाही.

वृत्तपत्रांत परिस्थिती थोडी बरी होती. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून मराठी दैनिकाच्या क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि कबड्डी, खो-खो, कुस्तीला तिथे हक्काची जागा दिली. परंतु क्रीडा पत्रकारितेचा स्वभावच निकालाचा आहे. ती सामना सांगते, संस्था सांगत नाही. त्यातून मराठीत जे ललित क्रीडालेखन बहरले ते मुख्यतः क्रिकेटचे, आणि त्यातही थोरांचे. तेंडुलकर-गावस्करांवर आपण पुस्तकांमागून पुस्तके वाचली; तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या संघावर एक प्रकरणही वाचल्याचे मला आठवत नाही.

जवळ जाऊन पोचलेली एक कादंबरी मात्र आहे, आणि ती साऱ्यांनी वाचलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). या कादंबरीची चर्चा आपण वर्गात कितीतरी अंगांनी करतो. प्रादेशिकता, माणदेश, धनगरांचे जीवन, निवेदकाची अलिप्तता. पण तिच्या मध्यभागी एक तालीम आहे, हे आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही. तरुण मास्तर वाडीला तालीम बांधण्यासाठी उभे करतो. कोणी श्रम देते, कोणी साहित्य देते. राजेसाहेब उद्घाटनाला येतात. आणि मग दुष्काळ पडतो, वाडी पांगते. जी वास्तू सगळ्यांनी मिळून उभी केली तिच्यात घुमायला माणूस उरत नाही. गावाने स्वतःसाठी उभारलेली, पोटापाण्याच्या पलीकडची एक गोष्ट आणि तिच्यावर आलेला वाईट हंगाम, हे सूत्र माडगूळकरांनी सत्तर वर्षांपूर्वी सहज हाताळले होते. त्यानंतरच्या ग्रामीण कादंबरीने दुष्काळ उचलला, कर्ज उचलले, राजकारण उचलले. तालीम तिथेच राहिली.

शेजारच्या भाषेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बंगालीत मती नंदी यांनी सत्तरच्या दशकात 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या कादंबऱ्या लिहिल्या. नंदी पेशाने क्रीडा पत्रकार होते आणि लेखक म्हणून पूर्णपणे साहित्यिक. 'स्टॉपर'चा नायक वय उतरणीला लागलेला बचावपटू आहे, आणि तो खेळतो एका छोट्या, तळाशी धडपडणाऱ्या क्लबातून, मोठ्या क्लबाच्या विरुद्ध. बचावपटूचे काम गोल करण्याचे नसते, गोल होऊ न देण्याचे असते. म्हणजे त्याचे यश दिसतच नाही, अपयश तेवढे दिसते. त्याला नायक करणे म्हणजे नायकत्वाची व्याख्याच बदलणे होय. कोलकात्यात फुटबॉल रक्तात आहे म्हणून तिथे हे शक्य झाले, असे कोणी म्हणेल. मग कोल्हापूरच्या पेठांत काय कमी आहे? कमतरता खेळाची नाही, त्याच्याकडे पाहणाऱ्या लेखकाची आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येईल, आणि त्याला सामोरे गेले पाहिजे. वर्धा हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांच्यासाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विशेष पॅकेज जाहीर केले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने याच पट्ट्यातला कापूस खाऊन टाकला. जिथे हंगाम बुडणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे तिथे फुटबॉलच्या हंगामाची चिंता करणे म्हणजे चैन नव्हे काय?

मला वाटते, हा आक्षेप दिसतो तितका सहानुभूतीचा नाही. त्यात असे गृहीत धरलेले आहे की दुःखी प्रदेशातल्या माणसाला दुःखापलीकडे काही असू नये. विदर्भातला शेतकरी आपल्या समकालीन साहित्यात फार वेळा एकाच साच्यातून येतो: तो कर्जात असतो, मग झाडाला असतो. दुसरा साचा प्रेरणादायी व्याख्यानांनी पुरवलेला: तो सगळ्यावर मात करतो, परीक्षा पास होतो, साहेब होतो. एकीकडे शोकांतिका, दुसरीकडे विजयगाथा. या दोहोंच्या मध्ये जी प्रचंड मोठी जागा आहे, जिथे बहुसंख्य माणसे हरतात पण मरत नाहीत, आणि जिंकतही नाहीत, ती जागा आपल्या लेखनात रिकामी आहे. लहान क्लबाचा अवघड हंगाम त्या जागेत घडतो. बोंडअळीच्या वर्षीही कोणीतरी मैदानावर फक्की मारलेली असते. ते पलायन आहे असे म्हणणे सोपे आहे. पण पेरलेले वाया गेल्यावर दुबार पेरणी करणारा माणूस आणि सहा सामने हरल्यावर सातव्याला येणारा माणूस यांच्यात काही नाते आहे की नाही, हे तपासणे अवघड आणि अधिक मोलाचे आहे. दोघांनाही फळाची खात्री नसते. दोघांनाही ठाऊक असते की आपण आलो नाही तर उरलेल्यांचे काम अडेल.

याचा अर्थ क्लबाचे गोडवे गावेत असा नाही. गावचा संघ म्हणजे अख्खे गाव नसते. त्यात मुली जवळजवळ नसतात. मुलाला वेचणीतून सूट मिळते तेव्हा त्याचा वाटा बहुतेक वेळा आई-बहिणीच्या ओट्यात पडतो. कोणत्या मोहल्ल्यातली पोरे कप्तान होतात आणि कोणत्या मोहल्ल्यातली पाणी आणतात, यात जात स्वच्छ दिसते. स्पर्धेच्या बक्षिसावर पुढाऱ्याचे नाव असते आणि निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम वाढते. पण हे सगळे आक्षेप विषयाच्या विरोधात जात नाहीत. ते विषय किती भरलेला आहे हेच सांगतात. श्रम, लिंगभाव, जात, स्थलांतर आणि सत्ता एवढी सगळी सूत्रे एका चेंडूभोवती गोळा होत असतील, तर कादंबरीकाराने आणखी काय मागावे?

शिवाय यात एक रूपबंधाचा प्रश्न आहे, जो साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रस वाटावा असा आहे. आपल्या कथेला आणि कादंबरीला कळस लागतो. घटना वाढत जाते आणि फुटते. हरलेल्या हंगामाला असा कळस नसतो. त्यात पुनरावृत्ती असते, बारीक घसरण असते, मधेच एखादा बरोबरीत सुटलेला सामना असतो, ज्याचा आनंद विजयाहून मोठा असतो. अशा काळाला आकार द्यायचा तर बखर, रोजनिशी, हिशेबाची वही, सभेचे इतिवृत्त अशा रूपांकडे वळावे लागेल. देशी रूपांविषयी आपण दशकानुदशके वाद घातला. मंडळाची वर्गणीची वही हे देशी रूप नाही काय? कोणी किती दिले, कोणाचे राहिले, बूट कोणाकडे आहेत, गाडीभाडे कोणी भरले, अशा चार रकान्यांत एका गावाचे संबंध आणि ताण जितके उघडे पडतात तितके पानभर वर्णनाने पडत नाहीत.

म्हणून प्राध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पदव्युत्तर वर्गात दरवर्षी 'ग्रामीण साहित्यातील बदलते जीवन' अशा शीर्षकाचे प्रकल्प लिहिले जातात. त्यांतले बरेच एकमेकांवरून उतरवलेले असतात. त्याऐवजी विद्यार्थ्याला त्याच्याच गावच्या मंडळाच्या, तालमीच्या, संघाच्या एका हंगामाची नोंद करायला सांगावे. शक्यतो हरलेल्या हंगामाची, कारण जिंकलेल्याची नोंद चौकातल्या फलकावर झालेलीच असते. त्याने वह्या पाहाव्यात, सोडून गेलेल्यांना आणि राहिलेल्यांना भेटावे, त्यांची भाषा त्यांच्याच शब्दांत उतरवावी. ज्या घरांतून पोरांना खेळायला सोडले जात नाही तिथेही जाऊन बसावे. त्यातून थोर साहित्य निर्माण होईलच असे नाही. पण पुढे कोणी लिहायला बसला तर त्याच्या हाताशी साहित्य असेल.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. महामार्गालगतच्या गावांतली मोकळी जागा वेगाने आकसते आहे. जिथे मैदान होते तिथे प्लॉट पडत आहेत. मैदान गेले की संघ जातो, आणि संघ गेल्यावर त्याच्या वह्या रद्दीत जातात. पीक बुडाले तर निदान पंचनामा होतो, आणेवारी लागते, सरकारदरबारी त्या वर्षाची एक ओळ उरते. खेळाच्या बुडालेल्या हंगामाचा पंचनामा करायला कोणी तलाठी येणार नाही. तो लेखकालाच करावा लागेल.